प्रभातफेरीतला पंजा

त्या दुष्काळात आमच्या तालुक्याला दोनच गोष्टी हव्या होत्या: पाण्याचा टँकर आणि स्वतंत्र जिल्हा. टँकर निदान आठवड्यातून एकदा यायचा.

जिल्ह्यासाठी रोज सकाळी प्रभातफेरी निघायची. घोषणा माझ्याकडे, कारण आवाज नाटकातला आणि माझं कापडाचं दुकान दहाशिवाय उघडत नसे. एके दिवशी "जिल्हा झालाच पाहिजे!" म्हणून हात उगारला, तर मूठच वळेना. बोटं ताठ, पेरांवर सूज. मागून शेजारचा किराणावाला ओरडला, "आप्पा, घोषणा जिल्ह्याची अन् प्रचार पंज्याचा करायलाव का?"

अख्खी फेरी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी. दुसरा हात मी खिशात घातला होता, त्याचीही तीच गत होती.

दुष्काळात आजाराचं कारण शोधावं लागत नाही. घागरी उचलून झालं, असं गावानं ठरवलं. मलाही ते शोभून दिसलं. घागरी बायको उचलायची, हा बारीक तपशील मी वगळला.

मग नांदेडहून मेहुणा आला. त्यानं माझा अंगठा दाबला, मी बोंबललो, त्यानं निकाल दिला, "युरिक ॲसिड. डाळ बंद!" डाळमिलांच्या जिल्ह्यात राहून मी महिनाभर वरणाचं तोंड पाहिलं नाही. सूज मनगटांपर्यंत पोचली.

एके सकाळी दुकान उघडल्या उघडल्या लग्नाचं कापड फाडताना कात्री तिरकी गेली आणि हातातून पडली. कापडवाल्याची कात्री चालेना, तर त्यानं करायचं काय? त्या दिवशी मी कुणाला हसवलं नाही.

ज्या लातूरपासून वेगळं व्हायचं होतं, त्याच लातूरला आम्ही दोघं नवरा-बायको एसटीनं गेलो. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपारचे चार वाजले. तोवर मूठ छान वळत होती! मी घागरीचा प्रवेश हातवाऱ्यांसह रंगवला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, आधी ताप होता? अंगावर चट्टे? घरात कुणाला असं? सगळ्याला माझं उत्तर ‘नाही’.

"सकाळी सांधे किती वेळ आखडतात?"

"पाचेक मिनिटं."

"पाच?" बायको उठलीच. "डॉक्टरसाहेब, यांच्या शर्टाच्या गुंड्या मी लावते. चहा होतो, पूजा होते, पेपर वाचून होतो, तवा कुठं बोटं वळतात. अन् घागरी मी उचलते. बघा माझे हात!"

तिची बोटं सरळ, सडसडीत.

डॉक्टर हसले. म्हणाले, "कामानं झिजलेला सांधा काम केल्यावर दुखतो. यांचे रात्रभर पडून आखडतात आणि हालचालीनं सुटतात. तेही दोन्ही हातांचे." नुसत्या रक्तावरून ठरत नाही, असं बजावून रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले. आमवात निघाला. शरीर आपल्याच सांध्यांवर चालून जातं म्हणे. म्हणजे मी मोर्चा काढत होतो कलेक्टरवर, आणि माझाच मोर्चा माझ्यावर निघाला होता.

वरण त्याच रात्री सुरू झालं. गोळ्यांना गुण यायला दोन-तीन महिने लागले, पण कात्री सरळ चालू लागली. जिल्ह्याचा अजून पत्ता नाही.

आता गुंड्या माझ्या मलाच लावता येतात. तरी एखाद्या सकाळी मी बोटं ताठ करून, चेहरा पाडून तिच्यासमोर उभा राहतो.

"मूठ दाखवा आधी," ती म्हणते.