फाळक्यावरच्या दोन थापा

कारंज्याला चहासाठी गाडी थांबवली, मागचा फाळका उघडला, तर कुत्रं नव्हतं.

फाळका म्हणजे ट्रकच्या मागचं, खाली पडणारं दार. त्याच्या आड गाद्यांच्या वळकट्या रचून आम्ही कुत्र्यापुरती जागा केली होती. पाण्याचं तसराळं तिथंच होतं, पाणीही होतं. माझा क्लीनर सुखदेव लोडवरच्या ताडपत्रीवर बसून आला होता. तो वरून वाकून म्हणाला, "मले वाटलं केबिनमधी नानाजीपाशी हाय."

केबिनमधून उतरलेले नानाजी, कुत्र्याचे म्हातारे मालक, म्हणाले, "अन् मले वाटलं मांगं हाय."

गाडीत आम्ही तिघंच होतो.

त्या काळी मी नागपुरात घरसामान हलवण्याचं काम करत असे. मालधक्क्यावर पोती वाहण्यापासून सुरुवात केली होती, आणि स्वतःचा ट्रक घेतला तेव्हा माझ्या पाठीशी कोणी नव्हतं. खापरखेड्याच्या पॉवर हाऊस कॉलनीतल्या निम्म्या बदल्या माझ्या गाडीतून व्हायच्या. जाहिरात काही नव्हती. कॉलनीतली एक बाई दुसरीला सांगायची की यांच्या गाडीत कपबशी फुटत नाही. तेवढ्यावर धंदा चालायचा.

कोलते साहेबांची बदली पारसच्या पॉवर हाऊसला झाली. सौदा ठरवायला गेलो तर साहेब शेवटी हळूच म्हणाले, "आणि कुत्रं आहे एक." मी म्हणालो, कुत्रं सामान नाही आणि सवारीही नाही, मी नेत नाही. साहेब म्हणाले, वडील त्याच्याशिवाय निघणार नाहीत. बराच वेळ घासाघीस झाली. माझा आवाज मोठा. क्वार्टरांची अर्धी लाइन फाटकात येऊन ऐकत होती. त्या भरात मी म्हणालो, "त्रास दिला तर रस्त्यात उतरवून देईन, मग बोलू नका." हे भाव करतानाचं बोलणं होतं. बाजारात माल हातात घेऊन परत टाकतात, तसं. त्याचा अर्थ तेवढाच.

अखेर ठरलं की लोखंडी कपाटं त्यांनी आपल्या माणसांकडून रस्त्यापर्यंत आणून द्यायची, आणि मी कुत्रं न्यायचं. सामानासोबत घरचा एक माणूस येतो, अशी आमच्याकडे रीत आहे. नानाजी, म्हणजे साहेबांचे वडील, स्वतः निघाले.

कुत्र्याचं नाव कोळश्या. काळं कुळकुळीत, एक कान फाटलेला. बायको गेल्यानंतर नानाजींनी कोळशाच्या ढिगाऱ्यापाशी सापडलेलं हे पिल्लू घरी आणलं होतं. आधी तो जेवणार, मग नानाजी.

नव्या लोडची गाडी पहिल्या तीस-चाळीस मैलांनंतर थांबवावीच लागते. धक्क्यांनी सामान खाली बसतं आणि दोर सैल पडतात. ते पुन्हा ओढले नाहीत तर वळणावर कपाट रस्त्यात. म्हणून आम्ही कारंज्याच्या अलीकडे कोंढाळीला थांबलो होतो. कोळश्याला पाय मोकळे करायला खाली सोडलं आणि सामान सरकू नये म्हणून फाळका पुन्हा लावला. सुखदेव वर चढून दोर ओढत होता. नानाजी चहा पिऊन केबिनमध्ये डावीकडे येऊन बसले. मी स्टिअरिंगवर होतो.

ट्रकवर बोलून इशारा होत नाही, इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. क्लीनर बॉडीवर हाताने थापा मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे सगळं चढलं, फाळका लागला, चल. मला दोन थापा ऐकू आल्या. मी गाडी काढली.

लोड भरलेली गाडी कोणी उलटी फिरवत नाही. मी कारंज्याहून फिरवली. कोंढाळीचा चहावाला म्हणाला की काळं कुत्रं गाडीमागं धावलं, पुलापर्यंत गेलं, तिथं उभं राहिलं. मग माघारी फिरून नागपूरच्या बाजूनं चालू लागलं. आम्ही दुपारभर शोधलं. नानाजी शेताच्या बांधाबांधानं हाका मारत फिरत होते. त्यांचा घसा बसला तेव्हा मीच त्यांना धरून गाडीत आणलं.

पारसला कोलते साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नव्या शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही म्हणालाच होता, उतरवून देईन. दिलं उतरवून."

मी भडकलो. सुखदेवनं मधे पडून मला मागं ओढलं. नानाजी ओसरीवर बसून जमिनीकडे पाहत होते. ते तिथं होते, माझ्यासोबत उन्हातान्हात फिरले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. साहेबांचं बोलणं मी एक वेळ विसरलो असतो, पण नानाजींचं गप्प बसणं मला लागलं.

खापरखेड्याला गोष्ट माझ्याआधी पोचली. जो माणूस कुत्रं रस्त्यात टाकतो, त्याच्या हाती सामान कोण देणार? कामं दुसऱ्यांकडे जाऊ लागली. पारसकडून येणारे ड्रायव्हर सांगायचे की म्हातारा जेवणावरून उठून जातो, नाक्यावर येऊन बसतो आणि प्रत्येक ट्रकच्या मागं जाऊन पाहतो.

त्याच अमरावती रोडवर चालणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना मी सांगून ठेवलं. माझं नाव साफ करायचं असेल तर ते कुत्रं सापडायला हवं होतं. बाजारगावच्या पानठेल्यावाल्यानं पाहिलं होतं, एक पाय उचलून चालत होतं म्हणे. वाडीला ट्रक दुरुस्तीच्या लाइनीत आलं होतं. उभ्या गाड्यांची चाकं हुंगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि निघून गेलं. कोणी पोळी टाकली, ती घेतली नाही. पुढं शहर लागतं. शहरात माग संपला. मी मनातून आशा सोडली.

मग कोलतेंच्याच जुन्या क्वार्टरमध्ये राहायला येणाऱ्या एका कुटुंबाचं सामान मिळालं. ते चंद्रपूरकडचे, त्यांच्या कानावर काही आलं नव्हतं. सामान उतरवलं, सुखदेवनं फाळका लावला आणि दोन थापा मारल्या. मी गिअर टाकला, सहज आरशात पाहिलं. पाण्याच्या टाकीमागून एक काळं कुत्रं लंगडत, जमेल तेवढं धावत येत होतं. फाळक्यापाशी येऊन ते उभं राहिलं आणि वर पाहू लागलं. बरगड्या मोजता याव्यात असं झालं होतं. एक कान फाटलेला.

मी इंजिन बंद केलं.

शेजारच्या ढोकणेबाई बाहेर आल्या. "आठवडा झाला असन, इथंच फिरून राहिलं," त्या म्हणाल्या. "हात लावू देत नाही कोणाले. भाकर टाकली त आम्ही घरात गेल्यावर खाते. आता बरं आलं थापेवर."

"थापेवर काहून?" मी विचारलं.

"नानाजी तसंच बलावत ना त्याले. जेवाची वेळ झाली की फाटकाच्या पत्र्यावर दोन थापा. सारी लाइन ऐके."

मी सुखदेवकडे वळलो. कोंढाळीला थापा तू मारल्या होत्या का, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काय होतं?

"मी नाही जी," तो म्हणाला. "मी त वर दोर बांधून राहिलो होतो. गाडी हालली, मले वाटलं तुमीच आपल्या मनानं काढली."

तेव्हा आठवलं. तो आवाज मागून आला नव्हता. डावीकडून, जवळून आला होता. नानाजींचा हात खिडकीबाहेर होता. त्यांनी सवयीनं दाराच्या पत्र्यावर थापा मारून कोळश्याला बोलावलं होतं, आणि मी निघालो होतो. गाडी निघाली म्हणजे सुखदेवनं कुत्रं मागं चढवलं, असं त्यांना वाटलं असणार.

दुसऱ्याच दिवशी कुत्र्याला घेऊन रिकामी गाडी पारसला नेली. सगळ्या रस्त्यानं मी वाक्यं जुळवत होतो. साहेबांना चारचौघांत बाहेर बोलवायचं आणि सांगायचं की इशारा तुमच्या वडिलांनी दिला.

फाळका उघडला. नानाजी अंगणात होते. कोळश्या उतरला, त्यांच्यापर्यंत गेला आणि पायांवर पडला. नानाजी खाली बसले. त्यांनी त्याचा एकेक पंजा उचलून पाहिला. तळव्यांची कातडी गेली होती. "आला का गा," एवढंच म्हणाले. सुनेनं दुधात भाकर कुस्करून आणली. कोळश्यानं खाल्ली, मग नानाजींनी त्याच ताटलीतला उरलेला घास तोंडात घातला.

साहेब दारात उभे होते. मला म्हणाले, "इतके दिवस कुठं ठेवलं होतं?"

वाक्य जिभेवर होतं. समोर नानाजी कुत्र्याचा पंजा हातात घेऊन बसले होते. राग गिळणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी गिळला आणि गाडीत जाऊन बसलो.

सुखदेवनं सवयीनं फाळका लावला आणि दोन थापा मारल्या.

कोळश्या नानाजींच्या हातातून सुटला आणि लंगडत फाळक्याकडे गेला. नानाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हळूहळू चालत ते माझ्या खिडकीपाशी आले.

"कोंढाळीले," ते म्हणाले, "मी मारल्या होत्या का गा?"

मी खोटं बोललो नाही. "हो, नानाजी."

त्यांनी दाराला धरलं. मी म्हणालो, साहेबांना सांगा. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पारसहून माणूस आला नाही, निरोप आला नाही. खापरखेड्याचं काम पुन्हा माझ्याकडे आलं नाही.

पुढं माझ्या गाड्या वाढल्या, पण एकाही गाडीवर थापेचा इशारा ठेवला नाही. क्लीनरनं चालत केबिनपाशी यायचं, मला दिसायचं आणि कोण कोण चढलं ते तोंडानं सांगायचं. त्यात वेळ जातो आणि गिऱ्हाईक कटकट करतं. करू द्यावी.