माय आणि पेपरातल्या जाहिराती

माय गेली त्याला आता तीन महिने होतील. भेटायला येणारी माणसं तिच्या शेवटच्या दुखण्याबद्दल विचारतात आणि मी तेच ते सांगतो. सांगून झालं की वाटतं, हे काही तिच्याबद्दलचं बोलणं झालं नाही. ती आजारी होती तीन आठवडे. त्याआधीची सारी वर्षं ती चपळ, तिखट जिभेची आणि कशालाही न भुलणारी बाई होती. त्या वर्षांतलं एक प्रकरण मी रोज शाळा सुटल्यावर थोडं थोडं लिहून काढतो आहे.

मायला वाचता येत नव्हतं. मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर झालो आणि पहिल्या पगारात धुळ्याहून येणारं एक साप्ताहिक लावलं. आमचं गाव म्हसावदपासून बैलगाडीने दोन तासांवर, त्यामुळे पेपर यायचा तो शिळा होऊनच. मला त्याचं काही वाटत नसे. शाळा सुटली की मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचो आणि माय समोर मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडत बसायची. सभा, ठराव, कापसाचा भाव हे ती मुकाट्याने ऐके. तिचं सगळं लक्ष शेवटच्या पानाकडे असे. त्या पानावर जाहिराती असत.

"वाच रे बा, आज काय इकी ऱ्हायनात त्या?"

मग मी वाचायचो. शक्तीचं औषध, केस गुडघ्यापर्यंत वाढवणारं तेल, कमरेला बांधायचा विजेचा पट्टा, गजराचं घड्याळ. घड्याळाची जाहिरात तिला सर्वांत आवडायची, कारण तिच्यावर बोलायला खूप होतं.

"आपला कोंबडाले कोन चावी देस?" ती म्हणायची आणि पुढची मिरची उचलायची.

औषधाच्या जाहिरातीखाली बरं झालेल्या माणसांची पत्रं छापलेली असत. अमुक गृहस्थ लिहितात, एका बाटलीत गुण आला. माय विचारायची, "त्याना गाव लिखेल शे का?" बहुतेक वेळा गाव लिहिलेलं नसायचं. "मंग तो बरा व्हयना ते कोन्ही देखं?" पुष्कळ पुस्तकं वाचूनही मला हा प्रश्न आपणहून सुचला नव्हता.

आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, एका शिंप्याचं दुकान होतं. शेजारी आप्पा राहायचे. घरची भरपूर शेती असलेले, हौशी आणि नवी वस्तू दिसली की हात शिवशिवणारे गृहस्थ. नात्याने आमचे कोणी नाहीत, पण माझ्या वडिलांच्या मागे त्यांनी आम्हांला कधी परकं मानलं नाही. जाहिरातींचं वाचन पलीकडे ऐकू जाई आणि मग शिंप्याच्या ओट्यावर वाद पेटे. गाजावाजा मोठा आणि काम शून्य, अशी या जमान्यातली वस्तू कोणती?

शिंपी म्हणायचा, बॅटरी. आप्पांनी सुरतेहून बॅटरी आणली होती आणि तिसऱ्याच आठवड्यात ती हातात धरून ते गटारात पडले होते. आतला मसाला संपला होता.

"कंदील राहता तर पडलो नसतो असं आप्पा स्वतःच म्हणाले," शिंपी सांगायचा.

"मी असं म्हणालो नाही," आप्पा म्हणायचे. "आणि तुझ्या मशीनचं काय? मशीन आली, आता घटकेत कपडा होतो म्हणालास. चोळी अजून महिन्यानेच मिळते."

निकाल मायकडे, म्हणजे गल्लीच्या जिजीकडे, जायचा. एकदा ती जागची न उठता गल्लीतून पलीकडे ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली होती, "मशीन खरी शे. शिंपी खोटा शे."

शिंपी पुढे कितीतरी दिवस हे वाक्य गिऱ्हाइकांना स्वतःच सांगत असे, जणू ती त्याची तारीफच होती.

मग माझी बदली तळोद्याला झाली. मी एकटा राहिलो तर जेवणाचे हाल होतील म्हणून माय बरोबर आली. तिथे दुसऱ्या पावसाळ्यात तिला हिवताप धरला. थंडी वाजून येई, उतरे, पुन्हा येई. डॉक्टरांनी कोयनेल दिलं आणि त्यानेच ती वाचली, यात मला शंका नाही. पण ताप गेला तेव्हा तिच्या कानांत रातकिडे ओरडत असल्यासारखा आवाज राहिला आणि त्या आवाजामागे आम्ही सगळे हळूहळू लांब गेलो. आम्ही गावी परतलो तोवर तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे आणि ओरडलेल्यातलंही तिला अर्धंच कळे.

मी एक-दोनदा पेपर घेऊन बसलो. घसा फोडून वाचलं. गल्लीतली माणसं थांबून बघू लागली. मायने हाताने थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. तू वरडस, मी कान देस. दोन्हीसले तरास."

त्यानंतर ती ओसरीवर बसायची ती गल्लीकडे पाठ करून. मिरच्या खुडायची, पण भिंतीकडे तोंड. ओट्यावरून शिंप्याने काही विचारलं आणि तिने उत्तर दिलं नाही तर तो दुसऱ्यांदा विचारत नसे. बिचारा संकोचायचा. घरात आम्ही दोघंच. जेवायला वाढलं, पाणी आणलं, गायीची धार काढली, याला बोलावं लागत नाही. आठ महिने आम्ही असे काढले. ती बोलायचीच विसरून जाईल अशी भीती मला वाटू लागली होती, आणि दिवसेंदिवस ती खरीही होऊ लागली होती.

अशात पेपरात बहिरेपणाच्या तेलाची जाहिरात आली. कानात रोज फक्त चार थेंब, एकवीस दिवस. खाली एका गृहस्थाचं पत्र होतं आणि त्यात वऱ्हाडातल्या एका गावाचं नाव स्पष्ट छापलेलं होतं. गाव लिहिलेलं आहे, या एका गोष्टीवर मी विरघळलो. तिचीच कसोटी लावली असं मनाला सांगितलं. तरी थोडी शुद्ध होती म्हणून त्या गावच्या शाळामास्तरांना एक कार्ड टाकलं की असे गृहस्थ आपल्या गावी आहेत का. पण उत्तराची वाट मात्र पाहिली नाही. त्याच दिवशी तेल मागवलं.

व्ही.पी.ने बाटली आली, ती पोस्टमनला पैसे देऊन सोडवली. मी कागद काढून टाकला, कारण त्यावर जाहिरातीतलंच कानाचं चित्र होतं, आणि मायला खुणेने सांगितलं की डॉक्टरांनी दिलंय. तिने बूच काढलं. नाकाशी धरलं. मग एक थेंब बोटावर घेऊन चोळला, पुन्हा हुंगला आणि आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा माझ्याकडे जुन्या नजरेने पाहिलं.

"हाई ते लसून घालेल तीळनं तेल शे," ती म्हणाली. "आपला घरमाज व्हतं."

ती रागावली नाही. बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातल्या तेलात लाल मिरचीची फोडणी केली. ती भाजी मी खाली मान घालून जेवलो.

पंधरा दिवसांनी वऱ्हाडातल्या मास्तरांचं कार्ड आलं. असे कोणी गृहस्थ आमच्या गावी नाहीत, असं लिहून पुढे त्यांनी लिहिलं होतं: "तरीपण आपण तेल मागविले असल्यास आणि गुण आल्यास अवश्य कळवावे. माझे वडील ऐकत नाहीत." ते कार्ड वाचून मला पहिल्यांदा एकटं वाटेनासं झालं.

त्याच हिवाळ्यात आप्पांनी ग्रामोफोन आणला. लाकडी पेटी आणि वर पितळेचा, धोत्र्याच्या फुलासारखा मोठा कर्णा. तो शिंप्याच्या ओट्यावर मांडला, कारण वाद तिथे मिटवायचा होता. बरोबर तीन तबकड्या होत्या. एक गाडीच्या हिसक्याने तडकलेली.

"म्हणजे अडीच गाणी," शिंपी म्हणाला. "ती ऐकली की पुढे काय?"

"पुन्हा ऐकायची."

"त्यापेक्षा गवयाला जेवू घातलं असतं. तो चौथंही म्हणाला असता."

गर्दी झाली तशी मायही उठून आली. तळोद्याहून परतल्यापासून ती गल्ली ओलांडून पहिल्यांदाच आली होती. आप्पांनी चावी दिली, गाणं सुरू झालं. मायने कर्ण्याच्या कडेवर हात ठेवला. पितळ थरथरत होतं. तिने वाकून डोकंच कर्ण्यात घातलं. माणसं हसू लागली. ती तशीच राहिली, मग डोकं बाहेर न काढताच म्हणाली,

"कोन्ही रडी ऱ्हायनं."

"तो गायी ऱ्हायना, जिजी," शिंपी म्हणाला, आणि तिला ते ऐकू गेलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

मी मात्र पाहत होतो की तिला आवाज ऐकू आला होता. शाळेत मुलांना ध्वनीचा धडा मी पाच वर्षं शिकवत होतो. रुंद तोंडातून गोळा झालेला आवाज अरुंद टोकाशी दाट होतो, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. घरात बहिरी आई असताना त्याचा अर्थ मला लागला नव्हता. आप्पांना म्हटलं, कर्णा काढून द्या.

"कर्णा काढला तर मागे उरलं काय?" आप्पा म्हणाले.

"नुसती पेटी," शिंपी म्हणाला. "निदान धान्य ठेवता येईल. द्या काढून."

आप्पांनी कुरकुरत कर्णा सोडवला. शिंप्याने चिंध्यांतून मऊ कापड निवडून बारीक टोकाला गुंडाळलं, कानाला धार लागू नये म्हणून. मायने ते टोक कानाशी धरलं. मी रुंद तोंडाशी गेलो आणि काय बोलावं ते शोधू लागलो. तेव्हा शिंपी मला बाजूला सारून पुढे झाला आणि साध्या आवाजात म्हणाला,

"जिजी, तुन्ही चोळी शिवाई गयी."

मायने टोक कानाशी आणखी घट्ट धरलं. मग म्हणाली, "दिवाळीले देयेल व्हती मी."

गल्ली हसली. शिंपीही हसला, आणि हसता हसता त्याने मशीनवरच्या कापडाला डोळे पुसले. मी कुठे पुसले ते आठवत नाही.

आप्पांचा कर्णा ठेवून घेता येणार नव्हता. पुढच्या बाजारी मी म्हसावदला गेलो. तिथे एक कारागीर घासलेटच्या डब्यांना डाग देऊन चिमण्या, तेल ओतायची नाळकी वगैरे करायचा. त्याला कागदाची गुंडाळी करून दाखवली. त्याने केलेला पहिला कर्णा आखूड झाला. त्यात माझा आवाज पत्र्यासारखाच वाजे आणि माय तोंड वाकडं करी. दुसरा हातभर लांब केला. तो जमला. दिसायला अगदी नाळकंच. पण त्यातून तिला मी ओरडल्याशिवाय ऐकू येई. सगळंच ऐकू येई असं नाही. मधून गळणारी अक्षरं ती ओठांवरून भरून काढायची आणि न कळलं तर कर्ण्यावर बोट वाजवायची. म्हणजे पुन्हा वाच. त्यामुळे मी सावकाश वाचायला शिकलो. पुढे वर्गातही तसाच वाचू लागलो आणि मागच्या बाकांवरची मुलं धडे ऐकू लागली.

ओट्यावर वाद पुन्हा सुरू झाला. आप्पांचं म्हणणं, जिजीचे कान ग्रामोफोनने परत आणले, तेव्हा ही वस्तू जाहिरातीइतकीच खरी. शिंप्याचं म्हणणं, यंत्राने काही केलं नाही, पत्र्याने केलं. आणि पत्रा घासलेटच्या डब्याचा होता. ओसरीवर माय आता गल्लीकडे तोंड करून बसे. मी दोघांचं म्हणणं कर्ण्यातून तिला पोचवायचो. दोघांनाही पुरेसं बोलू देऊन ती म्हणाली, "आप्पानी आनं नसतं, ते आपले कसं समजतं?" आप्पा खुश झाले. एवढ्यात ती पुढे म्हणाली, "पन गानं ते रडकंज शे."

मी वऱ्हाडातल्या मास्तरांना कर्ण्याचं चित्र काढून, मापं लिहून पाठवलं. महिन्याभराने उत्तर आलं. वडिलांना ऐकू येतं, घरात पूर्वीसारखी भांडणं सुरू झाली आहेत, उपकार विसरणार नाही. हे पत्र मी मायला कर्ण्यातून वाचून दाखवलं. पेपरात छापायला पाठवावं का, असंही विचारलं. आणखी कुणाच्या उपयोगी पडलं असतं.

"पेपरमा देऊ नको," ती म्हणाली. "त्या लोक हाई बी बाटलीमा भरीसन इकतीन."

त्यानंतर आम्हांला नऊ वर्षं मिळाली. नऊ वर्षांचे पेपर. तिचं ऐकणं आणखी मंदावत गेलं, पण थांबलं नाही. शेवटच्या आठवड्यात तिच्या हाताला कर्णा पेलेना तेव्हा मी एका हाताने तो धरून दुसऱ्या हातात पेपर घेत असे. ती बोलत नव्हती. पण जाहिरात संपली की एक भुवई वर जायची.

ती गेल्यावर पेपर येतच राहिला. मी वरची कागदी फीत न सोडता ते अंक कोनाड्यात रचत गेलो. गेल्या आठवड्यात शिंप्याने पलीकडून हाक मारली. आता तो जाड काचांचा चष्मा लावतो आणि दुकान त्याचा मुलगा चालवतो.

"मास्तर, पेपर येस ना? का बंद करा?"

येतो, म्हटलं.

"मंग आना ना इकडे. आठे सगळासले ऐकू येस."

मी कोनाड्यातला सर्वांत वरचा पेपर घेऊन ओट्यावर गेलो. आप्पा काठी टेकत आले. किती दिवसांनी मोठ्याने वाचत होतो. पहिल्या ओळींना आवाज चिरका लागला, मग स्थिरावला. शेवटच्या पानावर रेडिओची अर्ध्या पानाची जाहिरात होती. घरबसल्या साऱ्या जगाचा आवाज. मी ती सावकाश वाचली. आप्पा ऐकत होते आणि त्यांचा हात काठीवर शिवशिवत होता, तो आम्हा दोघांनाही दिसला.

"आप्पा," शिंपी म्हणाला, "त्याले कर्ना शे का?"

आप्पा म्हणाले, नसतो बहुतेक.

"मंग तो काय कामना?"

"अरे, आधी ऐकून तर बघ," आप्पा म्हणाले, आणि दोघांचं जुंपलं. मी पान उलटून पुढची जाहिरात शोधू लागलो.