काढली मी, बसवणार मी

सगळं सोलापूर माणसाला चेहऱ्यावरून ओळखत असेल, आमचे दाताचे डॉक्टर मात्र त्याच्या तोंडातल्या खिंडारावरून ओळखतात. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात ज्यानं एकदा आ केला, त्याची सुटका नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर ‘खालची उजवी दाढ’ या नावानं होता. खरं नाव त्यांना ठाऊक तरी होतं की नाही, देव जाणे.

ती दाढ त्यांनीच काढलेली. पुढे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात चढवायची विद्या ते शिकून आले आणि जुन्या पेशंटांच्या हात धुऊन मागे लागले. इतर डॉक्टर बोर्ड लावतात. हे लग्नाच्या पंगतीत मुद्दाम जिलबी वाढायला उभे राहत. वाढताना नजर पानाकडे नाही, जबड्याकडे! ‘डावीकडनंच चावायलाव की ओ!’ असं ते माझ्या कानाशी इतक्या जोरात कुजबुजले, की नवरदेवाचाही घास थांबला. एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेलो, तर थोरले चिरंजीव हंबरडा फोडत असताना यांनी मला कोपरानं ढोसलं, ‘वरचे दोन गेलेत.’ पण चिरंजीवांकडे इम्प्लांटचा विषय काढायला ते तेरावा होईपर्यंत थांबले, हेही सांगायला हवं.

लोकांना वाटे, म्हातारा धंद्याला लई पक्का. मलाही वाटे. एकदा वैतागून म्हणालो, ‘डॉक्टर, माझं काय अडलंय? चावतोय की एका बाजूनं!’ त्यांनी मला बाजूला घेतलं. मग म्हणाले, ‘मास्तर, तुमची दाढ वाचली असती. त्या दिवशी मीच घाई केली. काढली मी, बसवणार मी. माझ्या हातानं.’

मला गलबलून आलं. पण हाडात स्क्रू म्हटल्यावर सगळा गलबला ओसरला. मी काय लाकडी कपाट आहे? जन्मभर वर्गात पोरांना दम देणारा मी सबबी शोधू लागलो. परीक्षा, पुतणीचं लग्न, उन्हाळा. सोलापुरात उन्हाळा ही सबब आठ महिने चालते.

गेल्या वर्षी अखेर धीर करून गेलो. डॉक्टर हरखले. हातमोजे चढवले, छोटा आरसा तोंडात घातला, आणि तो माझ्या दातांवर टकटक वाजू लागला. त्यांनी हात काढून घेतला, दुसऱ्या हातानं घट्ट धरून पाहिला. ‘कापतो ओ आता,’ म्हणाले आणि आतून मुलीला हाक मारली. तीही दाताचीच डॉक्टर. तिनं काम झकास केलं. हे शेजारी माझा खांदा धरून उभे होते.

काही महिन्यांनी स्क्रूवर दाढ चढली, तेव्हा स्वारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन माझ्या दारात हजर. ‘उजवीकडनं!’ मी घास चावला. ते डोळे मिटून ऐकत होते. ‘वाजली की!’ ते ओरडले. ‘पोरीला फोन लावा, सांगतो तिला.’ बटणं त्यांच्या बोटांना सापडेनात, म्हणून मोबाइल माझ्या हाती दिला.

मुलीचा नंबर शोधताना मला तिथं ‘खालची उजवी दाढ’ दिसली नाही. तिच्या जागी माझं नाव होतं, आडनावासकट. दोन उन्हाळे आधी आलो असतो, तर ही दाढ त्यांच्या हातची असती. मी फोन लावून दिला आणि उरलेली भाकरी उजवीकडनंच, त्यांना ऐकू जाईल अशी खात बसलो.