टॅग झाल्याशिवाय आत यायचं नाही

आमच्या जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात किस्से उष्ट्या ताटल्यांसारखे साठतात. सगळे घासूनपुसून लावून ठेवावेत, तर पुढच्या जेवणाला पुन्हा तेवढाच ढीग! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सांगायचे राहून गेलेले माझ्याकडेच जास्त साठलेत. आज त्यातले कुस्तीचे काढते.

*

वसतिगृहात टीव्ही नव्हता. तो अधीक्षिकाबाईंच्या क्वार्टरमध्ये. रविवारी दुपारी बाई आम्हाला तांदूळ निवडायला बोलवायच्या आणि टीव्ही लावायच्या. लागायची काय, तर अमेरिकेतली कुस्ती!

"खोटं असतं सगळं," बाई दर रविवारी सांगायच्या. "ठरवून मारतात मेले."

एकदा टकल्या पैलवानाने लांब केसवाल्याला मागून खुर्ची हाणली. बाईंच्या हातातलं सूप उडालं. तांदूळ खोलीभर!

आम्ही गोळा करत असताना बाई म्हणाल्या, "खोटं आहे म्हणून तर राग येतो!"

*

जोड्यांची कुस्ती आम्ही पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. एकाने आत लढायचं, दुसऱ्याने कोपऱ्यात दोरीबाहेर हात लांब करून उभं राहायचं. आतल्याने हातावर हात मारला की टॅग. त्याशिवाय बाहेरच्याने आत पाय टाकायचा नाही, जोडीदार मरेना का!

"आपल्या पाण्याच्या पाळीला हाच नियम लावायचा," संगी म्हणाली.

संगी माझी जोडीदार. ती वांगणीची, मी पोशेऱ्याची. दोघी नववीत. तिचं तोंड कधी मिटायचं नाही आणि माझं कधी उघडायचं नाही, म्हणून बाईंनी आमची जोडी लावली होती.

दुसऱ्याच दिवशी नियम लागू झाला. संगी हातपंपावरून डोक्यावर हंडा आणि दोन्ही हातांत कळश्या घेऊन निघाली. मी अर्ध्या वाटेवर हात लांब करून उभी. ती समोर येऊन थांबली. मीही थांबले.

"मंदे, घे ना कळशी!"

मी मान हलवली. टॅग नव्हता.

"हात कुठून देऊ? तिसरा आणू?"

मागे सात मुलींची रांग लागली. शेवटी संगीने चप्पल काढली, एका पायावर उभी राहिली आणि दुसऱ्या पायाने माझ्या हातावर टॅग केला. हंडा मात्र हलला नाही!

*

नियम वर्गातही शिरला. फळ्यावर गणित सोडवायला संगीला उठवलं, की ती खाली माझ्या हातावर हात मारायची आणि मी खडू घेऊन जायची. मला कविता म्हणायला सांगितली, की मी तिच्या हातावर मारायची आणि ती उठायची. एकदा तर उठून तिने भलतीच कविता म्हटली, तीही पाचवीतली.

सरांनी हजेरीची वही उघडली.

"एकीला नुसतं लिहिता येतं, दुसरीला नुसतं बोलता येतं," ते म्हणाले. "हजेरीत तुम्हा दोघींची मिळून एक विद्यार्थिनी लावतो!"

सगळा वर्ग हसला. संगी नाही हसली. मधल्या सुट्टीत म्हणाली, "अर्धी जाणार आहे म्हणून सांग सरांना. दिवाळीच्या आगेमागे आम्ही जगायला जाणार, भिवंडीकडे भट्टीवर. आई विटा थापणार, मग बारकीला कोण बघल? बाबा न्यायला येणार मला."

बारकी म्हणजे तिची दोन वर्षांची बहीण. संगीच्या गावची एक मुलगी मागच्या वर्षी अशीच भट्टीवर गेली. तिची ट्रंक अजून आमच्या खोलीत पलंगाखाली आहे.

*

दिवाळीच्या तोंडावर मोठा शो लागणार होता. आठ जोड्या, जिंकेल ती पुढे, शेवटी दोनच. तिकडे अमेरिकेत लोक तो घरी बघायला वेगळे पैसे भरतात म्हणे. आपल्याकडे केबलवर उशिरा, तोही दोन रविवारी तुकडे करून.

पहिला रविवार बरा गेला. मधला आठवडा जाता जाईना. संगी जेवताना उठायची, फाटकापर्यंत जाऊन यायची. मी विचारायची नाही. शो आधी लागतो की बाबा आधी येतात, हेच ती बघत होती.

दुसऱ्या रविवारी बाईंच्या खोलीत बावीस मुली. स्वयंपाकाच्या मावशीही आल्या. मावशी वांगणीच्याच, संगीच्या बाबांच्या गाववाल्या, मुलं मोठी होऊन पांगलेली. त्यांना ती कुस्ती शंभर टक्के खरी वाटायची.

"अरं, तो मागून मारतोय! पंच काय भाकऱ्या मोजतो का तिकडं?"

फायनलला लांब केसवाला पालथा पडला होता. कोपऱ्यात त्याचा जोडीदार दोरीवरून अर्धा वाकलेला, हात ताणलेला. हा सरपटत निघाला. एक हात. एक वीत. चार बोटं...

लाईट गेली!

लोडशेडिंग. अंधुक खोलीत बघते, तर बावीसही मुलींचे हात पुढे ताणलेले. बाईंचासुद्धा.

*

हात पोचला की नाही, यावर आठवडाभर वसतिगृहात दोन पक्ष पडले. संगीला चैन पडेना. "जायच्या आधी एवढं तरी कळू दे," म्हणायची.

शेवटी मी केबलवाल्यांना चिठ्ठी लिहिली, सुवाच्य अक्षरात. 'महोदय, गेल्या रविवारच्या कुस्तीचा निकाल कळवावा. अत्यंत निकड आहे.' मावशी बाजाराला जाताना घेऊन गेल्या.

उत्तर त्याच कागदामागे आलं: 'लाईट आमच्याकडेपण गेली होती.'

*

संगीचे बाबा दिवाळी संपल्यावर एका दुपारी आले. बारकी खांद्यावर, काखेत रिकामी पिशवी, संगीचे कपडे भरायला.

बाई व्हरांड्यात टेबलाशी बसल्या होत्या. मी आतल्या खोलीत खिडकीशी. संगी बाहेर, खिडकीला पाठ करून उभी.

"पोरीला न्यायला आलो, बाई."

"पुढच्या वर्षी दहावी आहे तिची. मध्येच नेऊ नका."

"माहीत आहे ना. पण आई दिवसभर चिखलात. बारकीला कोण बघल? भट्टीवर गाड्या येतात-जातात. पोर कुठं जाईल, काय नेम?"

बाईंनी संगीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं? बोल की."

आणि संगीला बोलता येईना! जिच्यामुळे सकाळी प्रार्थना उशिरा सुरू व्हायची, ती संगी पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिली. बाईंनी नाव काढण्यासाठी रजिस्टर उघडलं. पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा संगीने मागे न बघता एक हात खिडकीकडे लांब केला.

गजांपर्यंत चार बोटं कमी पडत होती. मी हात गजांतून बाहेर काढला. टाळी एवढी वाजली, की मावशी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

नियम म्हणजे नियम. आता संगी दोरीबाहेर आणि मी आत. मी गजांना धरून म्हणाले, "काका, संगीला नेऊ नका. ती गेली तर मला कोणासमोर बोलताच येणार नाही."

काका खिडकीशी आले. मला नीट बघितलं.

"मग आता कोण बोललं?"

बाईंना हसू फुटलं. काकाही हसले, पण पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही.

मावशी पुढे झाल्या. एक हात पदराला पुसला, दुसरा तसाच पिठाने भरलेला समोर केला. काकांसमोर नाही. बारकीसमोर. "भट्टी संपंपर्यंत माझ्याकडं राहशील?"

बारकी एकदा त्या हाताकडे बघे, एकदा मावशींच्या तोंडाकडे. मग बारकी खांद्यावरून वाकली आणि मावशींच्या तळव्यावर तिने असा जोरात हात मारला, की पीठ बाईंच्या रजिस्टरवर उडालं.

काकांनी पिशवी खाली ठेवली. बाईंनी पीठ झटकलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "टॅग झाला!"