चाळलेली माती

गुरुशांत अप्पांनी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकतीस वर्षं काढली. शिकवायचे प्राध्यापक, पण खड्ड्यांचा प्रयोग मांडावा तो अप्पांनीच. परातीत माती भरायची, वरून पोलादी गोळी सोडायची आणि पडलेल्या खड्ड्याची रुंदी मोजायची. वेगावरून खड्डा आणि खड्ड्यावरून वेग, दोन्ही अंदाज त्यांना तोंडपाठ. खड्डा दुप्पट रुंद व्हायला जोर सोळापट लागतो, हे ते दर वर्षी अशा थाटात सांगत की जणू हा नियम त्यांच्याच घरचा. माती मात्र चाळलेलीच हवी. परातीत खडा दिसला की अप्पांचं डोकं फिरायचं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना मंगळवेढ्याच्या तहसील कचेरीतून बोलावणं आलं. तालुक्यातल्या एका खडीच्या खाणीजवळ अजिनाथ नावाचा मेंढपाळ भर दुपारी डोक्यात दगड बसून गेला होता. तसलाच दुसरा दगड त्याच्यापासून चार हातांवर जमिनीत घुसला होता. अजिनाथची बायको मायाक्का म्हणत होती, खाणीतल्या सुरुंगानं दगड उडाले. खाणवाला म्हणत होता, आमचे दगड इतक्या लांब जातच नाहीत, बाजूच्या रस्त्यावरून धावणाऱ्या कुठल्यातरी टिपरमधून पडले असतील. जमिनीतला दगड किती वेगानं आला, एवढंच अप्पांनी सांगायचं होतं.

खड्डा भरला सव्वीस सेंटिमीटर. त्याच्या आजूबाजूची चार पोती माती आणि तो दगड अप्पा रीतसर परवानगीनं सोलापूरला घेऊन आले. माती कुटली, चाळली, एका लोखंडी पेटीत भरली आणि कॉलेजच्या गच्चीवरून दगड सोडला. खड्डा पडला जवळजवळ तेवढाच. गच्चीवरून खाली येईपर्यंत दगडाला जो वेग येतो, तो धावत्या टिपरच्याच वेगाएवढा, ताशी पन्नास किलोमीटरच्या जरा वर. अप्पांनी तसं लिहून दिलं आणि खाली वळणदार सही केली.

आठवड्यानं पत्ता विचारत विचारत मायाक्का त्यांच्या दारात आली. अप्पांना वाटलं, आता रडारड होणार. ती रडली नाही.

"माझं दुसरं काय म्हणनं न्हाय, मास्तर. कसं मोजलं तेवढं दावा."

परसात आणून ठेवलेली पेटी अप्पांनी तिला दाखवली. ती उकिडवी बसली. मातीत हात घातला तर तो मनगटापर्यंत आत गेला.

"ही आमची माती न्हाय."

"त्याच रानातली आहे की, मायाक्का. मी स्वतः भरून आणली."

"तितं तीन राती आमची मेंढरं बसली हुती. खतासाटी रानाच्या मालकानंच बसवून घेतली हुती. लेंड्या, मूत आन खुरं, सगळं दाबून बसल्यालं. मेंढरांभवती वाघरीचं जाळं लावताना मेख दगडानं ठोकल्याबिगर जमिनीत जात न्हवती. मग हिला असं कुनी केलं?"

 अप्पांना लाज वाटली. भुसभुशीत मातीत टिपरच्या वेगाला जेवढा खड्डा पडतो, तेवढाच त्या दगडासारख्या रानात पडायचा तर दगड केवढ्या वेगानं यायला हवा! कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरानंही हे विचारलं असतं. त्यांनी विचारलं नव्हतं, कारण त्यांचे हात चाळण्यात गुंतले होते.

दुसऱ्याच दिवशी ते मंगळवेढ्याला गेले आणि कचेरीतून पुन्हा मोजायची परवानगी घेऊन आले. मायाक्काच्या गावातली पाण्याची टाकी कॉलेजच्या गच्चीएवढी उंच होती. टाकीखालच्या मोकळ्या रानात तिनं तीन राती मेंढरं बसवली. चौथ्या दिवशी तलाठ्यासमोर अप्पांनी टाकीवरून तोच दगड सोडला. खड्डा पडला पंधरा सेंटिमीटर. सव्वीससाठी नऊपट जोर हवा, आणि जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग तिप्पट. दगड भरलेला टिपर ताशी दीडशेच्या पुढं धावत नसतो. तसा वेग दगडाला सुरुंगच देतो.

नव्या अहवालाची सुरुवात अप्पांनी आपल्या चुकीनं केली. तहसीलदार म्हणाले, "गुरुशांतजी, हे एवढं उघड लिहायची गरज नाही. कोर्टात तुमची उलटतपासणी होईल." अप्पा म्हणाले, "होऊ द्या की." सुरुंग त्याच दिवशी थांबवले गेले, खटला उभा राहिला.

कचेरीबाहेर मायाक्कानं त्यांना अहवालाची सुरुवात वाचायला लावली. त्यांनी वाचली, "माती चाळून मी चूक केली. अजिनाथ यांच्याजवळ पडलेला दगड सुरुंगाच्या वेगाने आला." तिनं मान हलवली. मग विचारलं, "चाळनीवर जे ऱ्हायलं, ते कुटं हाय?"

"ढेकळं होती. कुटूनही फुटेनात. आमच्या मंडळींनी, नागव्वानं, मोगऱ्याच्या कुंडीत टाकली."

"काळी हुती?"

"काळपट होती."

"त्येचं रगत सांडलं हुतं तितं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच अप्पांना ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अप्पा निघाले. कुंडी मांडीवर धरून बसले होते. कंडक्टरनं ती खाली ठेवायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. नागव्वा कुंडी देताना एकच वाक्य बोलली होती, मोगरा उपटू नका, मुळं ढेकळांत गेलीत.

मायाक्का रानातच होती. अप्पांनी कुंडी तिच्यापुढं ठेवली आणि ते दोन पावलं मागं सरले. तिनं बोटांनी वरची माती बाजूला केली, आतलं एक ढेकूळ दाबून पाहिलं. ते फुटलं नाही.

"ही हाय आमची," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ तिनं हात बाहेर काढला नाही.