तारेचा कठडा

तारेचे एकसारखे चाळीस कठडे वाकवत बसलेल्या माणसाला तुम्ही छंदिष्ट म्हणून मोकळे व्हाल ना?

आमच्या वस्तीजवळ रुळांवर पादचारी पूल आहे. त्याच्या कठड्याचे दोन गज निखळले आहेत. दुरुस्तीच्या अर्जावर सह्या घेत मी इथेच हडपसरला एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खोलीत शिरलो. टेबलावर आमचाच पूल होता, वीतभर उंचीचा. खाली रूळ आणि चिमुकली आगगाडी.

त्यांनी सागाच्या फळीवर मोजून खिळे ठोकले होते. त्या खिळ्यांभोवती ते तांब्याची तार वळवत. प्रत्येक कठडा आधीच्यासारखाच निघे, तरी ते डोळे मिटून तो बोटांनी तपासत.

"साचा चुकला की सगळंच चुकतं," ते म्हणाले. "म्हणून पूल रोज मोजून येतो."

त्यांच्या पुलालाही तेवढीच फट होती. तिच्याखाली रुळांवर तारेची तीन माणसं आडवी होती. एकीला वेणी होती, एकाच्या पाठीवर दप्तर.

"आजोबा, हे कधी पडले?"

"अजून नाही पडले." पक्कड हातातच होती. "अहो अर्जवाले, तुमचा कागद धरून कोणी पडायचं थांबतं का?"

सही मात्र त्यांनी केली. मग चौथा माणूस वळवायला घेतला. त्याच्या खांद्यावर शबनम पिशवी होती. मी माझी नकळत पाठीमागे सरकवली.

पुलावरची फट अजून तशीच आहे. गज बसेपर्यंत आम्ही रोज सकाळी तिथे पाळीने उभे राहतो आहोत. तुम्हीही या, एक तास द्या आणि जाणाऱ्या प्रत्येकाचा हात धरा.