घडीचा पाळणा

मुलगी पोटात होती तेव्हा आम्ही जयपूरच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. क्वार्टर लहान. एक खोली, तिच्यापुढे एक अर्धी खोली, स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याखालची उघडी पडवी. आतल्या खोलीत आम्ही नवराबायको. पुढच्या अर्ध्या खोलीत माझ्या नणंदबाई, त्यांची खाट आणि त्यांची शिलाई मशीन.

नणंद नवऱ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. तो त्यांना ताई म्हणायचा, मीही ताईच म्हणू लागले. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय वाळला होता. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर बांधून त्या चालायच्या. लग्न झालं नाही. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे माझ्या नवऱ्याला ताईंनीच वाढवलं. परकर-पोलकी शिवून त्याची फी भरली. मोठे दीर अकोल्याकडे गावातच राहिले. नवऱ्याला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा तो ताईंना आणि त्यांच्या मशीनला घेऊनच जयपूरला आला. मी त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे त्या घरात आधी त्या होत्या.

ताई एका पायानं मशीन चालवायच्या. कॉलनीतल्या बायकांची कामं असायचीच, शिवाय सांगानेरहून एक माणूस स्कूटरवरून छापील कापडाचे गठ्ठे आणून टाकायचा, त्याच्या उशांच्या खोळी शिवायच्या. त्यांचं हिंदी मोडकंतोडकं होतं, तरी त्या माणसाशी त्यांचं छान जमायचं. शिंप्याला तिकडे मास्टर म्हणतात, तसा तो त्यांना ‘मास्टरनीजी’ म्हणायचा. त्या हसायच्या.

सातवा महिना लागला तेव्हा बाळाला झोपवायचं कुठं हा प्रश्न निघाला. गावाकडे असतो तर आढ्याला झोळी बांधून मोकळे झालो असतो. जयपूरच्या त्या जुन्या क्वार्टरला छत दगडी पट्ट्यांचं. पंख्याचा एक हुक होता, दुसरा ठोकायला गवंडी तयार नव्हता. म्हणाला, पट्टी तडकली तर सगळं खाली येईल. आमचा पलंग तेवढा रुंद नव्हता, नवरा झोपेत हातपाय टाकायचा, आणि डास तर असे, की सकाळी उठल्यावर चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे.

मी आणि नवरा बाजारात तीन-चार दुकानं फिरलो. लाकडी पाळणा पाहिला, तो दारातूनच आत आला नसता. स्प्रिंगची झोळी पाहिली, तिचा स्टँड चारी बाजूंना पाय पसरून उभा राहायचा, माणसाला वळसा घालून जावं लागलं असतं. मग एका दुकानदारानं घडीचा पाळणा दाखवला. लोखंडी नळ्या, चार चाकं, वर मच्छरदाणी, खाली सामान ठेवायला कापडी कप्पा. त्यानं तो आमच्यासमोर मिटला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

“दिनभर दीवार से लगा रहेगा जी,” तो म्हणाला. “रात को खोलो, सुबह बंद करो. छोटे घर के लिए ही बना है.”

मापं कागदावर लिहून घेऊन आम्ही घरी आलो. ताईंना सांगितलं. त्यांनी आपली टेप काढली, जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरली, आणि पोलकं बेतावं तसे पाळण्याच्या मापाचे दोन कागद कापले. एक मिटलेल्या पाळण्याची अरुंद पट्टी, एक उघडलेल्या पाळण्याचा मोठा. मग आम्ही तो मोठा कागद घरभर सरकवत बसलो. पलंगाजवळ ठेवला तर कपाटाचं दार उघडेना. स्वयंपाकघराच्या तोंडाशी ठेवला तर जाता येईना. खिडकीखाली उन्हाळ्यात झळ लागली असती. शेवटी कागद एकाच ठिकाणी नीट बसला, पुढच्या खोलीत, मशीन होती तिथं.

ताई जमिनीवरच बसल्या होत्या, टेप गुंडाळत होत्या.

मीच म्हणाले, “ताई, मशीन काही दिवस पडवीत ठेवली तर?”

नवरा माझ्याकडे पाहत होता. ताई म्हणाल्या, “ठेवू नं. मले काय, उलटा उजेड भेटंल तिकडं. लेकराले आपली जागा पाह्यजे.”

“रात्रीच लागणार आहे,” नवरा म्हणाला. “दिवसा घडी करू, मशीन परत आत आणू.”

तेव्हा त्याला तसंच वाटत होतं. मलाही.

मुलगी फेब्रुवारीत झाली. पाळणा उघडला आणि तो पुन्हा कधी मिटलाच नाही. खालच्या कप्प्यात लंगोट, दुपटी, पावडर, ग्राइपवॉटर, वरती दांड्यावर वाळत घातलेली झबली. तो मिटायचा तर हे सगळं कुठं ठेवायचं? घडी होते म्हणून आणलेली वस्तू, तिची घडी करायलाच घरात जागा नव्हती. आणि मशीन रोज पडवीतून आत-बाहेर कोण करणार? नवऱ्यानं दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी राहिलं.

मार्चपर्यंत पडवीत बरं होतं. एप्रिलच्या मध्यापासून पत्रा तापू लागला. ताई सकाळी सातलाच कामाला बसायच्या, दहाला उठायच्या. संध्याकाळी पुन्हा बसावं तर आंधी सुटायची. पश्चिमेकडून आकाश पिवळं होत यायचं आणि पाच मिनिटांत घरभर रेती. ताई मशीनवर चादर टाकायच्या, वर गोधडी, तरी रेती चाकात जायचीच. तेलात रेती मिसळून काळा चिखल व्हायचा. एकदा सांगानेरच्या खोळींवर त्या तेलाचे डाग पडले, अख्खा गठ्ठाभर. त्या माणसानं खोळी उलटून पाहिल्या. तो काही ओरडला नाही. “कोई बात नहीं, मास्टरनीजी,” म्हणाला आणि गठ्ठा बांधून घेऊन गेला. मग तो आला नाही. ताईंनी पंधरा दिवस त्याची वाट पाहिली. स्कूटरचा आवाज झाला की त्या खिडकीशी जायच्या.

काम गेल्यावर ताई दिवसभर घरातच असायच्या. त्या घरात तीन बायांना पुरेशी जागा नव्हती, तिसरी पाच किलोची का असेना. मी चिडचिडी झाले होते. मुलीला पोटात कळा यायच्या, ती दुपारी कशीबशी झोपायची, आणि जरा खुट्ट झालं की जागी व्हायची. ताई चालल्या की कॅलिपरचा खट्, खट् आवाज व्हायचा. त्यांची खाट आणि पाळणा यांच्यात हातभर अंतर होतं. त्या उठल्या की मला आतल्या खोलीत कळायचं, आणि माझे दात आवळले जायचे.

मे महिन्यातली एक दुपार. तासभर खांद्यावर घेऊन फिरल्यावर मुलगी झोपली होती. मी तिला पाळण्यात ठेवलं, मच्छरदाणी ओढली आणि तिथंच जमिनीवर बसले. ताई पाणी प्यायला उठल्या. खट्, खट्. मुलगी दचकून रडायला लागली.

मी म्हणाले, “ताई, तुमचं ते लोखंड घरात तरी काढून ठेवत जा ना.”

त्या पाण्याच्या माठाशी थांबल्या. पेला हातात होता. तो त्यांनी न भरताच पालथा घातला. मला वाटलं काहीतरी बोलतील, त्यांनी बोलावं असंही वाटलं. त्या म्हणाल्या, “बरं.”

त्या दिवसापासून त्या घरात कॅलिपर घालेनाशा झाल्या. खाटेखाली सरकवून ठेवलं. भिंत धरून, खुर्ची धरून चालायच्या. धरायला काही नसलं की खाली बसून हातांवर सरकत जायच्या, संडासापर्यंतसुद्धा. मी दोनदा म्हणाले, “ताई, घाला हो, मी असंच बोलून गेले.” त्या म्हणाल्या, “नाई व, मले असंच बरं वाटते. उन्हायात पट्टे टोचतात.” मी तिसऱ्यांदा म्हणाले नाही. घर शांत झालं होतं, मुलगी दोन-दोन तास झोपू लागली होती. ती शांतता मला हवी होती, हे मी लपवणार नाही.

नवऱ्यानं ताईंना सरकताना पाहिलं तेव्हा विचारलं, “कॅलिपर काहून नाही घातलं?”

“पट्टा तुटला,” त्या म्हणाल्या.

“शिवून आणू?”

“पाहू.”

तो पुन्हा विचारेल असं मला वाटलं, त्यानं विचारलं नाही.

जूनच्या शेवटी ताई म्हणाल्या, “दादाकडं जाऊन येतो थोडे दिवस. तिकडं पावसाची हवा बरी राह्यते.” मोठे दीर आणि जाऊबाई यांच्याकडे त्या कधी चार दिवसांपेक्षा जास्त राहिल्या नव्हत्या. जाऊबाईंचं आणि त्यांचं पटायचं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. नवरा म्हणाला, “थोडे दिवस जाऊन ये मग.” त्यानं पास काढला. स्टेशनला जाताना ताईंनी कॅलिपर घातलं होतं. रिक्षात बसण्याआधी त्यांनी मच्छरदाणी वर करून मुलीच्या तळपायाला हात लावला. उठवलं नाही.

मशीन आमच्याकडेच राहिली. त्या म्हणाल्या, तिथं कुठं ठेवू?

थोडे दिवस म्हणता म्हणता दिवाळी आली. शेजारच्या घरी फोन होता, त्यावर दीर महिन्यातून एकदा बोलायचे. बरी आहे, म्हणायचे. ताईंना फोनवर बोलवा, असं आम्ही म्हणायचो, आणि काहीतरी कारण निघायचं. दिवाळीनंतर फोन आला, ताई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं. दीर म्हणाले, या पायाचं ऑपरेशन करून काय उपयोग? त्यांनी पायाला वजन बांधून खाटेवर ठेवलं. नवरा जाऊन दोन दिवस राहून आला. परत आल्यावर जेवला नाही. फक्त म्हणाला, “पाठीला जखमा झाल्या आहेत तिच्या. इकडे आणू या.”

मी हो म्हणाले. मग आम्ही दोघं पुढच्या खोलीत उभे राहिलो. आजारी माणसाची खाट, तिच्याभोवती फिरायला जागा, पाळणा. मुलगी आता बसायला लागली होती, पाळण्यात झोपतही नव्हती. माझ्या कुशीतच झोपायची. पाळणा नुसता कपड्यांनी भरलेला होता. तो काढायला एक दुपार पुरली असती. “रविवारी काढू,” नवरा म्हणाला.

शुक्रवारी फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा अंत्यविधी उरकला होता. घरात बुद्धवंदना चालली होती, बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. जाऊबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांना दोष द्यायचा मी ठरवूनच आले होते. त्या म्हणाल्या, “पडणार नाही तं काय होईल? घरात कॅलिपर घालतच नव्हती. मी किती वेळा म्हटलं. म्हणे, आवाज होते, लोकायले तरास होते. इथं कोणाले तरास होता, सांग बरं?”

मी काही सांगितलं नाही. चहाचे कप विसळत राहिले.

नवऱ्यालाही मी काही सांगितलं नाही. पुढची कितीतरी वर्षं नाही. पाळणा आम्ही कॉलनीतल्या एका बाळंतिणीला दिला. मशीन बगरूहून कामाला येणाऱ्या बाईनं नेली. आमची बदली झाली, मोठी क्वार्टर मिळाली, मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. एक दिवस दुपारी आम्ही दोघंच जेवत होतो आणि मी त्याला सांगून टाकलं. मे महिन्यातली ती दुपार, माठ, मी काय म्हणाले ते, शब्द न बदलता.

त्यानं घास तसाच हातात धरला. “मला माहीत आहे,” तो म्हणाला. “मी नाइट ड्यूटी करून आलो होतो ना त्या दिवशी. आत पडलो होतो. जागा होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“आवाजानं मलाही झोप येत नव्हती,” तो म्हणाला.

आम्ही जेवण पुरं केलं. त्यानं आपलं ताट उचललं, माझंही उचललं, आणि मोरीत नेऊन ठेवलं.